जुने विज्ञानपट घरच्या सगळ्यांसोबत बघायचेत: आवाज, काळ्या पट्ट्या, मराठी ओळी आणि नेमकी कुठली आवृत्ती?

शनिवार_रात्र

मे महिन्याच्या सुट्टीत दर शनिवारी एक, असे चार जुने विज्ञानपट घरी दाखवायचा बेत आहे. बघणारे सहा जण. त्यातले दोघे सत्तरी ओलांडलेले आणि दोन मुलं (१० आणि १३). यादी अशी: २००१: अ स्पेस ओडिसी (१९६८), क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड (१९७७), ई.टी. (१९८२), ज्युरासिक पार्क (१९९३).

हट्ट एकच. ज्याने चित्रपट केला त्याने तो जसा केला, तसाच दिसायला आणि ऐकू यायला हवा. हल्ली टीव्ही आपलं डोकं लावतो, ॲप आपलं लावतं, आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते. आणि ज्येष्ठांना इंग्रजी झेपत नाही म्हणून त्यांना बाजूला बसवणंही नको आहे.

सामान: ५५ इंची ४के टीव्ही, त्याखाली दोन स्पीकरचा साउंडबार (एचडीएमआय एआरसीने जोडलेला), एक लॅपटॉप. खोली १२ बाय १४ फूट, सोफा टीव्हीपासून १० फुटांवर.

अडचणी:

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्याच मिनिटाला स्फोट होतो आणि रिमोटसाठी पळापळ. सगळी माणसं मालिकेतल्यासारखी गुळगुळीत हलतात. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की घरातले ‘झूम कर’ म्हणतात. मराठी ओळींची (सबटायटलची) फाइल पहिल्या वाक्याला बरोबर असते, पण अर्ध्या तासात मिनिटभर पुढे पळते. आणि एकाच चित्रपटाच्या तीन-तीन आवृत्त्या आहेत, त्यातली खरी कुठली?

---

ध्वनिपट्टी

आवाजाचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त चित्रपट तिथेच वाया जातात.

आधी कारण. चित्रपटगृहासाठी मिश्रण करताना प्रत्येक मुख्य स्पीकरची संदर्भपातळी ८५ डेसिबल धरलेली असते आणि त्याच्यावर २० डेसिबलची जागा मोठ्या आवाजांसाठी राखलेली असते. म्हणजे शिखर १०५ पर्यंत जाऊ शकतं. घरी आपण यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली ऐकतो. स्फोट त्यामुळे सुसह्य होतो, पण कुजबुजही तेवढीच खाली जाते आणि पंख्याच्या घरघरीखाली बुडते. ध्वनिमुद्रकाची यात चूक नाही. त्याने शांत, अंधाऱ्या दालनासाठी काम केलं होतं.

दुसरं कारण तुमच्या साउंडबारमध्ये आहे. ५.१ (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) मिश्रणात जवळजवळ सगळे संवाद मधल्या स्पीकरमध्ये असतात. तुमच्याकडे मधला स्पीकर नाहीच. मग टीव्ही तो भाग ३ डेसिबल कमी करून डाव्या-उजव्यात वाटून टाकतो, आणि तिथे संगीत आधीच बसलेलं असतं.

करायचं ते असं, याच क्रमाने:

१. ॲपमध्ये किंवा डिस्कच्या मेनूत ध्वनीचे पर्याय उघडा. ‘५.१’ आणि साधा स्टिरिओ असे दोन्ही असतील तर स्टिरिओ निवडा.

२. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ पीसीएमवर (टीव्हीनेच उलगडून दिलेला साधा आवाज) ठेवा. ‘पास-थ्रू’ (आवाज न उलगडता तसाच पुढे धाडणं) फक्त ज्यांच्याकडे मधला स्पीकर असलेला बार किंवा पूर्ण संच आहे त्यांच्यासाठी.

३. टीव्ही आणि बार, दोन्हींवरचं ‘व्हर्च्युअल सराउंड’ बंद करा. दोन स्पीकरमधून आवाज पसरवण्याची ती युक्ती आहे. त्यात सगळ्यात आधी संवादाची धार जाते.

४. बारवर ‘नाइट मोड’ असेल तर चालू करा. तो मोठा आवाज दाबतो आणि छोटा वर आणतो. मूळ मिश्रणात हा हस्तक्षेपच आहे, हे मान्य. पण रात्री दहानंतर, खाली शेजारी झोपलेले असताना, रिमोट हातात धरून बसण्यापेक्षा बरा.

५. बेस दोन-तीन अंशांनी खाली आणा. भिंतीला टेकलेल्या बारचा खर्ज फुगतो आणि पुरुषी आवाज घोगरे होतात. बारची पुढची कड फळीच्या कडेशी जुळवा. आत सरकवलेला असेल तर आवाज फळीवर आपटून येतो.

६. पंखा ५ वरून २ वर, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. यात एक रुपया जात नाही आणि फरक साउंडबार बदलल्याइतका पडतो.

ब्लूटूथने बार जोडू नका. ओठ आणि आवाज यांत शे-दोनशे मिलिसेकंदांचं अंतर पडतं.

पुढेमागे खर्च करायचाच असेल तर ३.१ बार घ्या. संवादांचा स्पीकर वेगळा मिळतो आणि फक्त तोच २ ते ४ डेसिबलने वर नेता येतो. खोलीच्या चार कोपऱ्यांत स्पीकर लावण्याआधी मधला एक हवा.

---

चोवीस_चौकटी

चित्र मालिकेसारखं दिसतं त्याचं कारण एकच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आहे आणि तुमचा टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून भरतोय. कधीच चित्रित न झालेली चौकट आपण बघत असतो. वाईट याचं वाटतं की कारखान्यातून टीव्ही येतो तोच हे चालू करून. ते बंद करा म्हणून २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅकॉरी यांना चित्रफीत काढून प्रेक्षकांना विनंती करावी लागली होती.

नाव प्रत्येक कंपनीचं निराळं. एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’. काहीही नाव असलं तरी बंद. एलजीवर ट्रूमोशनच्या आत ‘सिनेमॅटिक मूव्हमेंट’ आणि सोनीवर ‘सिनेमोशन’ असा पर्याय दिसला तर तो चालेल. तो नव्या चौकटी फारशा रचत नाही, २४ चा ठोका ओळखतो.

त्याहून सोपी वाट म्हणजे ‘फिल्ममेकर मोड’. २०१९ मध्ये जाहीर झालेली ही व्यवस्था बऱ्याच नव्या टीव्हींवर आहे. गुळगुळीतपणा, कृत्रिम धार आणि कणनिवारण तिघांनाही ती एका बटणात घालवते. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड घ्या आणि हे हाताने करा:

रंगतापमान ‘वॉर्म २’ किंवा त्या अर्थाचं सगळ्यात उबदार. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटेल, दोन-तीन दिवसांत डोळा सरावतो, आणि मग जुनं सेटिंग निळं वाटायला लागतं. शार्पनेस सॅमसंगवर ०. सोनीवर मात्र ५० म्हणजेच ‘काही करू नको’, त्यामुळे तिथे ० केलंत तर चित्र पुसट होईल. ‘नॉइज रिडक्शन’ बंद, कारण १९६८ आणि १९७७ च्या फिल्मवरचे कण हा मळ नव्हे, तीच प्रतिमा आहे. कण घालवले की चेहरे मेणाचे होतात. ‘एनर्जी सेव्हिंग’ आणि आपोआप उजेड जुळवणारा सेन्सरही बंद, नाहीतर अंधाऱ्या दृश्यात पडदा वरखाली श्वास घेतल्यासारखा होतो.

इथे बहुतेक जण फसतात ते सांगतो. ही सेटिंग्ज प्रत्येक इनपुटसाठी वेगळी साठवली जातात. एचडीएमआय १ वर केलंत म्हणून टीव्हीतल्या ॲपला लागू होईलच असं नाही, आणि एचडीआर (जास्त उजळ-गडद छटांचं) चित्र सुरू झालं की तिसराच संच उघडतो. म्हणून चित्रपट सुरू करून, तो चालू असतानाच, मेनू उघडून तपासा.

आता पट्ट्या. क्लोज एन्काउंटर्सची चौकट रुंदीला उंचीच्या २.३९ पट आहे, तुमचा टीव्ही १.७८ पट. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर, म्हणजे चित्राची उंची ५१ येते. पडद्याची ६८ आहे. उरलेली जागा काळी. झूम केलंत तर उंची भरेल, पण रुंदीचा चौथा हिस्सा कापला जाईल. त्या चित्रपटात माणसं एका टोकाला आणि प्रकाश दुसऱ्या टोकाला, अशी रचना सतत आहे. झूम केलं की दोनपैकी एक जातं. २००१ ची चौकट २.२०, तिथे पट्ट्या बारीक. ज्युरासिक पार्क आणि ई.टी. १.८५ चे, पट्टी जेमतेम बोटभर.

घरच्यांना पट्टीपेक्षा चित्र लहान वाटण्याचा त्रास असतो, आणि त्याचं उत्तर सोफा. तुमचे १० फूट ५५ इंचांसाठी फार लांब आहेत. साडेसात फुटांवर पडदा नजरेचा साधारण ३० अंश व्यापतो, साडेपाच फुटांवर ४०. शनिवारपुरता सोफा अडीच फूट पुढे ओढा, दिवे घालवा, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा राहू द्या. पट्ट्या अंधारात विरघळतात आणि ‘झूम कर’ कोणी म्हणत नाही.

ॲपच्या प्रोफाइल सेटिंगमध्ये ‘ऑटोप्ले’ही बंद करा. श्रेयनामावली कोपऱ्यात चेपून पुढच्या कशाची तरी जाहिरात दाखवणं हा आताचा सर्वांत मोठा असभ्यपणा आहे. २००१ मध्ये तर नावं संपल्यावरही संगीत चालू राहतं. तो चित्रपटाचाच भाग आहे.

---

खालापूरकर

आवृत्त्यांचं बघू. तुमच्या यादीत याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे.

ई.टी.: २००२ मध्ये विसाव्या वर्षानिमित्त जी आवृत्ती आली, तीत पोलिसांच्या हातातल्या बंदुका संगणकाने पुसून वॉकी-टॉकी दिले होते. पुढे दिग्दर्शक स्पीलबर्गनीच ती चूक असल्याचं कबूल केलं, आणि २०१२ च्या ब्ल्यू-रेवर फक्त १९८२ ची मूळ आवृत्ती आहे. हातात मिळालेली प्रत कुठली हे ओळखायचं असेल तर सायकलींचा शेवटचा पाठलाग बघा. बंदुका दिसल्या तर मूळ.

क्लोज एन्काउंटर्स: तीन आवृत्त्या. १९७७ ची मूळ १३५ मिनिटं, १९८० ची ‘स्पेशल एडिशन’ १३२, आणि १९९८ ची दिग्दर्शकाची १३७. १९८० मध्ये स्टुडिओच्या आग्रहाने परग्रहवासीयांच्या यानाचं अंतरंग दाखवलं गेलं. नंतर स्पीलबर्गना ते पटेनासं झालं आणि १९९८ मध्ये त्यांनी ते काढून टाकलं. काढलं ते योग्यच, कारण ते दार उघडून आत काय आहे हे कळलं की संपूर्ण चित्रपटाने जपलेलं कुतूहल तिथेच विझतं. पहिल्यांदा बघणाऱ्यांना १९७७ ची किंवा १९९८ ची दाखवा. आवरणावर वर्ष नसेल तर मिनिटं बघा.

आणि त्यात आपलं गाव आहे! हजारो लोक बसून पाच सुरांची धून गातात आणि ती कुठून आली असं विचारल्यावर सगळ्यांची बोटं आकाशाकडे जातात, ते दृश्य आताच्या रायगड जिल्ह्यातल्या खालापूरजवळ हाळ गावात चित्रित झालं. पडद्यावर धर्मशाला, उत्तर भारत असं सांगितलं जातं. मागचे डोंगर मात्र सह्याद्रीचे. सत्तरीच्या मंडळींना हे आधी सांगून ठेवा, त्या दृश्याला ते पुढे सरकून बसतील.

२००१: प्रीमियरनंतर दिग्दर्शक कुब्रिकनी स्वतःच सुमारे १९ मिनिटं कापली. आज जी आवृत्ती मिळते ती त्यांच्या मर्जीची आहे, तिथे गोंधळ नाही. फक्त सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं काळ्या पडद्यावर संगीतकार लिगेटीचं संगीत आहे. कोणीतरी उठून केबल हलवतं. आधी सांगा. पहिला संवाद साधारण २५ मिनिटांनी येतो हेही सांगा. आणि तो पहिल्या शनिवारी लावू नका, चौथ्या शनिवारी लावा. तोवर मुलांना शांत दृश्य बघायची सवय झालेली असेल.

घरच्यांसमोर काय अवघड जाईल: ज्युरासिक पार्कमध्ये तुटलेला हात खांद्यावर पडतो, वकिलाला डायनोसोर खातो. १० वर्षांच्या मुलाला आधी कल्पना द्या. ई.टी.मध्ये जेवणाच्या टेबलावर धाकटा थोरल्याला एक घाणेरडी शिवी देतो. पण मला विचाराल तर सर्वांत जास्त बोलायला लावणारी गोष्ट क्लोज एन्काउंटर्समध्ये आहे आणि तिच्यात शिवी नाही. बाप बायको-मुलांना मागे ठेवून यानात चढतो. स्वतः बाप झाल्यावर आपण हा शेवट असा लिहिला नसता, असं स्पीलबर्गनीही सांगितलं आहे. तेरा वर्षांच्या मुलाशी यावर चित्रपट संपल्यावर बोला, मध्येच थांबवून नको.

---

अनुस्वार

मराठी ओळी पळतात याचं निदान तुमच्या वाक्यातच आहे. पहिलं वाक्य बरोबर आणि अर्ध्या तासात मिनिटभर पुढे, म्हणजे फाइल २५ चौकटींच्या प्रतीवर केलेली आहे आणि तुमची प्रत २३.९७६ ची. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळापासून २५ ची पद्धत होती. २४ चा चित्रपट २५ ने चालवायचा, म्हणजे चार टक्के वेगात. दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपायचा आणि सगळ्यांचे आवाज किंचित वरच्या पट्टीत यायचे. त्या हिशोबाने केलेल्या ओळी मिनिटाला जवळपास अडीच सेकंद आधी येतात, तासाला अडीच मिनिटं.

‘सबटायटल एडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल उघडा, ‘चेंज फ्रेम रेट’मध्ये २५ वरून २३.९७६ करा, साठवा. मग पहिलं आणि शेवटचं वाक्य तपासा. पहिलं अर्धा सेकंद इकडेतिकडे असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी सरकवा, प्रत्येक दाबाला ५० मिलिसेकंद. तासाला साडेतीन सेकंदांचाच फरक पडत असेल तर तो २४ आणि २३.९७६ मधला, उपाय तोच.

पण मध्येच एका दृश्यानंतर अचानक फरक पडला आणि पुढे तो तेवढाच राहिला, तर दोष वेगाचा नाही. फाइल दुसऱ्या आवृत्तीची आहे. क्लोज एन्काउंटर्समध्ये हे हमखास होणार.

फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) साठवा. चौकोन दिसले तर व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि फॉन्ट ‘निर्मला यूआय’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ करा. टीव्हीच्या यूएसबीमध्ये पेनड्राइव्ह लावून मराठी ओळी दाखवायचा नाद सोडा. बऱ्याच टीव्हींना जोडाक्षरं जमत नाहीत, वेलांट्या अक्षरापासून तुटून पडतात. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट २४ हर्ट्झ मिळत असेल तर तो निवडा.

ओळी स्वतः सुधारणार असाल तर, आणि सुधाराच, कारण फिरतात त्या फाइलींतली मराठी वाचवत नाही. ‘माझी मदत कर’ नव्हे, ‘मला मदत कर’. ‘चुकी झाली’ नव्हे, ‘चूक झाली’ किंवा ‘चुकलं माझं’. ‘गरमी होतेय’ नव्हे, ‘उकडतंय’. हिंदीवरून अर्धवट उचललेली ही भाषा मुलांच्या तोंडी बसली की निघत नाही. ‘ब्लॅक होल’ आणि ‘लाइट इयर’ लिहायचीही गरज नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेल्या कथेचं नावच ‘कृष्णविवर’ होतं. पन्नास वर्षं वापरात असलेला शब्द परका कसा? उलट ‘रडार’, ‘रॉकेट’, ‘कॉम्प्युटर’ तसेच राहू द्या. घरात बोलतो तसं.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५-४० अक्षरांपर्यंत, आणि सत्तरीच्या डोळ्यांसाठी दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ कुठलीच ओळ ठेवू नका. दोन पात्रांची प्रश्न-उत्तरं एकाच वेळी पडद्यावर टाकू नका. नटाने तोंड उघडायच्या आधी उत्तर वाचून झालेलं असतं आणि दृश्यातला ताण जातो. इंग्रजी वाक्यात क्रियापद आधी येतं, आपलं शेवटी. त्यामुळे धक्का देणारं वाक्य दोन तुकड्यांत तोडायला शिकावं लागतं.

२००१ मध्ये एक निर्णय फार काळजीने घ्या: ‘तू’ की ‘तुम्ही’. इंग्रजीत तो प्रश्नच नाही. माझ्या मते यानावरचा संगणक हॅल अंतराळवीरांना ‘तुम्ही’ म्हणेल, ते त्याला ‘तू’. मालक आणि अदबशीर नोकर. आणि मग हॅल दार उघडायला नकार देतो तिथेही त्याचं ‘तुम्ही’ बदलू नका. ती अदब तशीच राहते म्हणून अंगावर काटा येतो. ‘तू’ केलंत तर तो साधा खलनायक होईल.

---

शनिवार_रात्र

सगळ्यांचे आभार. फिल्ममेकर मोड सापडला, ओळी २३.९७६ केल्यावर जुळल्या.

दोन प्रश्न उरले. ज्येष्ठांना दीड तासाने उठावंच लागतं, तर मध्यंतर कुठे घ्यायचं? आणि ई.टी.मधली ती शिवी मराठी ओळींत सौम्य करावी का?

---

खालापूरकर

शिवीचं आधी. सौम्य करू नका. बंदुकांचे वॉकी-टॉकी केले म्हणून आपण नाराज, आणि मग घरच्या फाइलीत तेच करायचं? इंग्रजीत आहे तेवढीच कडक मराठी शिवी लिहा, जास्तही नको. चालत नसेल तर त्या जागी दुसरा चित्रपट निवडा.

---

अनुस्वार

इथे थोडा मतभेद. त्या मुलाच्या तोंडी जी शिवी आहे ती अमेरिकन घरात आईला धक्का देण्याइतकी कडक आहे, पण आपल्याकडे शब्दशः आणली तर आजी उठून जाईल इतकी जड होते. अर्थ नव्हे, वजन जुळवायचं. वयाने दहाचा मुलगा रागाच्या भरात थोरल्या भावाला जे बोलेल आणि आई ‘काय बोललास?’ म्हणून वळेल, एवढंच त्याचं वजन. त्याला सौम्य करणं म्हणत नाहीत. पण ओळ रिकामी सोडणं किंवा ‘मूर्ख’ लिहिणं मलाही मान्य नाही.

---

चोवीस_चौकटी

मध्यंतर. अमेरिकन चित्रपट मध्यंतराशिवाय लिहिलेले असतात आणि आपली चित्रपटगृहं वाक्याच्या मध्येच दिवे लावतात. घरी तरी तसं करू नका. घड्याळ बघून थांबवायचं नाही, दृश्य बघून थांबवायचं.

२००१ मध्ये कुब्रिकनीच मध्यंतर दिलं आहे, सुरुवातीच्या संगीतासकट मोजलं तर साधारण दीड तासाला. हॅल काचेपलीकडून दोघांचे ओठ वाचतो आणि तिथे थांबतं. याहून चांगली जागा कोणी दाखवू शकणार नाही. मध्यंतरानंतर पुन्हा काळ्या पडद्यावर संगीत येतं, चहाचे कप घेऊन बसायला तेवढा वेळ पुरतो.

ज्युरासिक पार्क १२७ मिनिटांचा. पावसात गाड्या बंद पडतात, वीज जाते, आणि पेल्यातलं पाणी थरथरायच्या आधी थांबवा. एक तास झालेला असतो. थरथरल्यावर थांबवलंत तर मुलं चहा होऊ देणार नाहीत.

क्लोज एन्काउंटर्समध्ये रॉयला (वर म्हटलेल्या बापाला) टीव्हीच्या बातम्यांत तो डोंगर दिसतो तिथे. पहिला भाग घरातला, दुसरा वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर. सांधा तिथेच आहे.

ई.टी. जेमतेम ११५ मिनिटं. तो थांबवू नका, त्याआधी सगळ्यांना उठवून आणा.

---

एडिसनवासी

अमेरिकेतून डिस्क मागवायचा कोणाचा विचार असेल तर एक सावधगिरी. साध्या ब्ल्यू-रेला प्रदेशाचं कुलूप असू शकतं. अमेरिका ‘ए’, ब्रिटन ‘बी’, भारत ‘सी’. डीव्हीडीला भारत ५ आणि अमेरिका १. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला मात्र कुलूप नसतं, ती कुठेही चालते. त्याच डब्यातली साधी ब्ल्यू-रे चालेल याची खात्री नाही. क्लोज एन्काउंटर्सची २०१७ ची ४के डिस्क घेतलीत तर तिन्ही आवृत्त्या एकाच डिस्कवर आहेत, मेनूतून निवडायच्या.

इथून, अमेरिकेतून, प्लेअर नेऊ नका. तो बहुतेकदा १२० व्होल्टचा असतो आणि ‘ए’ प्रदेशाला बांधलेला. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर डीव्हीडीचा प्रदेश पाचदाच बदलता येतो, पाचव्या वेळेनंतर तो कायमचा.

ॲपवर ‘विकत’ घेतलेला चित्रपट म्हणजे परवाना. तो काढून घेतला जाऊ शकतो किंवा त्याच्या जागी नवी सुधारलेली प्रत येऊ शकते, तुम्हाला न विचारता. मूळ रूप जपायचं असेल तर कपाटात डिस्क हवी. पण २०२४ मध्ये आलेल्या काही जुन्या चित्रपटांच्या ४के डिस्क, जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’सकट, कण पुसून आणि कृत्रिम धार देऊन निघाल्या आहेत. त्यामुळे ‘४के’ एवढ्यावर भुलू नका. जुनी ब्ल्यू-रे कधीकधी जास्त खरी असते.

---

पेटीवाला

वरती पाच सुरांचा उल्लेख आला म्हणून. घरात पेटी असेल तर मुलांना ती धून शनिवारच्या आधीच शिकवा, पाच मिनिटांचं काम आहे. पांढरी १ ला सा धरा. मग रे, ग, सा, त्यानंतर एक सप्तक खालचा सा, आणि त्याच खालच्या सप्तकातला प. शेवटचा प बराच लांबवा.

चित्रपटात ते हाताच्या खुणांनीही शिकवतात, प्रत्येक सुराला एक खूण. दहा वर्षांच्या मुलाला त्या खुणा आधी आवडतील, सूर नंतर.

शेवटी यान उत्तर देतं तेव्हा तो आवाज ट्यूबाचा आहे, म्हणून धून पुन्हा मंद्र सप्तकात, शक्य तितकी खाली वाजवून बघा. खालच्या पट्ट्या उशिरा बोलतात आणि हवा जास्त खातात. तिथे पोचायच्या आधी भाता भरून घ्या, नाहीतर नेमका खालचा सा अर्ध्यात बसतो.